विंडोज ११ चा टास्कबार: नावे दिसू लागली की कामाला येतो

विंडोज १० चा मोफत आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला आणि त्याच्या आगेमागे असंख्य घरांतले व कार्यालयांतले संगणक विंडोज ११ वर गेले. नव्या आवृत्तीच्या गुणदोषांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण दिवसभर ज्याच्याशी सर्वांत जास्त संबंध येतो ती पडद्याच्या तळाची पट्टी, म्हणजे टास्कबार, बहुतेक जण आहे तशी स्वीकारून पुढे जातात. मी मराठी मजकुराच्या संपादनाचे काम करतो. एका पुस्तकावर काम चालू असताना वर्डच्या तीन-चार फायली, मूळ संदर्भाच्या दोन पीडीएफ, ब्राउझरमध्ये शब्दकोश, लेखकाशी चाललेला ईमेलचा पत्रव्यवहार आणि चित्रांचे फोल्डर एवढे सगळे एकाच वेळी उघडे असते. त्यामुळे या परीक्षणात मी टास्कबारला एकच कसोटी लावली आहे: हवी ती विंडो कोणती हे क्लिक करण्यापूर्वी कळते का, आणि तिच्यापर्यंत किती लवकर पोहोचता येते.

टास्कबार पहिल्यांदा आला तो २४ ऑगस्ट १९९५ रोजी बाजारात आलेल्या विंडोज ९५ बरोबर. त्या वेळची व्यवस्था साधी होती. जितक्या विंडो उघड्या तितकी बटणे, आणि प्रत्येक बटणावर त्या विंडोचे नाव. २००१ च्या विंडोज एक्सपीने जागा कमी पडल्यावर एकाच प्रोग्रॅमच्या विंडो एका बटणाखाली गोळा करायला सुरुवात केली. २००९ च्या विंडोज ७ ने मात्र पट्टीचे स्वरूपच बदलले. नेहमीचे प्रोग्रॅम पट्टीवर कायमचे अडकवून ठेवण्याची म्हणजे पिन करण्याची सोय आली, उजव्या क्लिकवर अलीकडच्या फायलींची यादी आली, आणि नावे जाऊन नुसती मोठी चित्रे राहिली. प्रोग्रॅम उघडण्याची जागा आणि उघड्या विंडोंमध्ये फिरण्याची जागा तेव्हापासून एकच झाली. ही कल्पना सोयीची आहे, पण तिची किंमत अशी की पट्टी प्रोग्रॅमनुसार लागली. माणसाचे काम प्रोग्रॅमनुसार चालत नाही. तिसऱ्या प्रकरणाची वर्ड फाइल, त्याच प्रकरणाची पीडीएफ आणि त्यावरचे लेखकाचे पत्र हे माझ्यासाठी एक काम असते; टास्कबारसाठी ते तीन वेगळ्या घरांतले तीन रहिवासी असतात. टास्कबारच्या आजच्या सर्व सोयी हे अंतर किती भरून काढतात, यावरच माझे मत ठरते.

५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आली तेव्हा हे अंतर वाढले होते, हे स्पष्ट सांगायला हवे. मायक्रोसॉफ्टने टास्कबार नव्याने लिहिला आणि त्या खटाटोपात जुन्या माणसांच्या हातात बसलेल्या अनेक गोष्टी गळून पडल्या. विंडोंची नावे दाखवण्याचा पर्याय गेला. फाइल ओढत आणून पट्टीवरच्या चित्रावर धरली की ती विंडो वर येते, ही वर्षानुवर्षांची सवय मोडली. पट्टीवर उजवा क्लिक करून टास्क मॅनेजर, म्हणजे चालू प्रोग्रॅम पाहण्याचे व बंद करण्याचे साधन, उघडता येईना. पट्टी पडद्याच्या वर किंवा बाजूला नेण्याची सोय काढून टाकली गेली. पुढच्या दोन वर्षांत यांतले बरेच काही परत आले: ओढून आणण्याची सोय २०२२ च्या मोठ्या अद्ययावतीकरणात, आणि नावे दाखवण्याचा पर्याय २०२३ च्या शरदात. म्हणून २०२१ साली विंडोज ११ पाहून नाक मुरडलेल्यांनी आता पुन्हा पाहावे. आजचा टास्कबार तो नाही.

पहिले काम नावे परत आणण्याचे. पट्टीच्या मोकळ्या जागेवर उजवा क्लिक करून ‘टास्कबार सेटिंग्ज’ उघडावे, खालच्या ‘टास्कबार बिहेवियर्स’ या विभागात ‘कम्बाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स’ हा पर्याय शोधावा आणि तेथे ‘ऑलवेज’च्या जागी ‘नेव्हर’ निवडावे. दोन किंवा अधिक पडदे असतील तर दुसऱ्या पडद्याच्या पट्टीसाठी हाच पर्याय स्वतंत्र आहे. एवढे केले की वर्डच्या चार फायलींची चार बटणे दिसू लागतात आणि प्रत्येकावर फायलीचे नाव येते. चित्रावर माउस नेणे, छोट्या चित्रांची रांग उघडण्याची वाट पाहणे आणि त्यांतले सारखे दिसणारे चार पांढरे कागद डोळे बारीक करून ओळखणे, हा सगळा प्रकार संपतो. ज्यांच्याकडे लहान पडद्याचा लॅपटॉप आहे त्यांनी ‘व्हेन टास्कबार इज फुल’ हा मधला पर्याय घ्यावा. जागा असेतोवर नावे दिसतात आणि गर्दी झाली की बटणे एकत्र होतात.

येथे फायलींना नावे देण्याच्या पद्धतीचाही प्रश्न येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. बटणावर नावाची सुरुवातीचीच काही अक्षरे मावतात. फायलींची नावे ‘कोकणातील देवराया प्रकरण ३ दुरुस्त’ आणि ‘कोकणातील देवराया प्रकरण ४ मूळ’ अशी असतील तर पट्टीवर दोन्ही बटणांवर ‘कोकणातील देव…’ एवढेच दिसते आणि नावे दिसूनही काही कळत नाही. तीच नावे ‘३ दुरुस्त कोकणातील देवराया’ आणि ‘४ मूळ कोकणातील देवराया’ अशी ठेवली की एका नजरेत फरक कळतो. वेगळेपणा सांगणारा शब्द आधी आणि सगळ्यांत समान असलेला शब्द शेवटी, हा नियम मी आता प्रत्येक नव्या फायलीला लावतो. बिले, पावत्या, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका किंवा अशिलांची कागदपत्रे हाताळणाऱ्या प्रत्येकाला तो तितकाच उपयोगी पडेल.

दुसरा बदल पट्टीच्या मांडणीचा. विंडोज ११ सगळी चित्रे मध्यभागी मांडते. दिसायला ते नीटस आहे, पण नवा प्रोग्रॅम उघडला की मधला संपूर्ण गट सरकतो आणि स्टार्टचे बटणही आपली जागा सोडते. हात ज्या जागेला सरावतो ती जागाच हलत राहिली तर सराव व्हायचा कसा? ‘टास्कबार अलाइनमेंट’मध्ये ‘लेफ्ट’ निवडले की स्टार्ट डाव्या कोपऱ्यात स्थिर होते. त्याच पानावरून विजेट्सही, म्हणजे हवामान-बातम्या दाखवणारी खूण, बंद करावीत. त्यांचा विंडो हाताळण्याशी काही संबंध नाही आणि ती जागा व लक्ष दोन्ही खातात.

टास्कबारची खरी ताकद कीबोर्डवरून वापरताना कळते, आणि या सोयी वर्षानुवर्षे असूनही फार थोड्या लोकांना माहीत आहेत. विंडोजची कळ दाबून धरून १ दाबले की पट्टीवर पिन केलेला पहिला प्रोग्रॅम उघडतो किंवा आधीच उघडा असेल तर समोर येतो. २ ने दुसरा, आणि असे करत शून्याने दहावा. माझ्या पट्टीवर फाइल एक्सप्लोरर पहिला, वर्ड दुसरा, ब्राउझर तिसरा, पीडीएफ वाचण्याचा प्रोग्रॅम चौथा असा क्रम कायम आहे. वर्डच्या अनेक फायली उघड्या असतील तर विंडोजची कळ न सोडता २ पुन्हा पुन्हा दाबत गेले की एकेक फाइल येत जाते. यात कंट्रोलची भर घातली, म्हणजे कंट्रोल, विंडोजची कळ आणि २ एकत्र दाबले, तर वर्डची जी फाइल शेवटी वापरात होती नेमकी तीच समोर येते. मूळ मजकूर आणि पीडीएफ यांच्यात दर मिनिटाला ये-जा करणाऱ्या माणसाला यासारखी सोय नाही. शिफ्टची भर घातली तर त्या प्रोग्रॅमची नवी विंडो उघडते, आणि आल्टची भर घातली तर त्याच्या अलीकडच्या फायलींची यादी.

माउसच्याही काही खुणा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पट्टीवरच्या बटणावर माउसच्या मधल्या चाकाने क्लिक केले की नवी विंडो उघडते. बटणावर माउस नेल्यावर दिसणाऱ्या छोट्या चित्रावर चाकाने क्लिक केले की ती विंडो बंद होते. बटणे एकत्र ठेवणाऱ्यांनी कंट्रोल दाबून क्लिक करावे, म्हणजे त्या गटातल्या विंडो एकामागून एक समोर येतात. आणि २०२२ मध्ये परत आलेली ओढण्याची सोय अशी: फोल्डरमधले छायाचित्र पकडावे, ओढत पट्टीवरच्या ईमेलच्या बटणावर न्यावे, तेथे सोडून न देता क्षणभर थांबावे; पत्राची विंडो वर येते, मग छायाचित्र तिच्यात नेऊन सोडावे. दोन विंडो शेजारी लावण्याची गरजच पडत नाही.

उजव्या क्लिकवर येणारी यादी, जिला जम्प लिस्ट म्हणतात, तिच्याबद्दल मला विशेष आस्था आहे. वर्डच्या बटणावर उजवा क्लिक केला की अलीकडच्या फायली दिसतात आणि प्रत्येक नावासमोर टाचणीची खूण असते. ती दाबली की ती फाइल यादीत वर कायम राहते, मग तिच्यानंतर कितीही फायली उघडा. सध्या हातात असलेल्या पुस्तकाच्या फायली मी तेथे टाचून ठेवतो आणि पुस्तक छपाईला गेले की काढून टाकतो. एक इशारा मात्र द्यायला हवा. संगणक कार्यालयात किंवा घरात अनेक जण एकाच खात्यातून वापरत असतील तर ही यादी तुम्ही कोणकोणत्या फायली उघडल्या ते कोणालाही दाखवते. अशा ठिकाणी सेटिंग्जच्या ‘पर्सनलायझेशन’मधल्या ‘स्टार्ट’ या पानावर अलीकडच्या फायली दाखवण्याचा पर्याय बंद करणे शहाणपणाचे.

मराठीत लिहिणाऱ्यांना टास्कबारच्या उजव्या टोकाशी असलेली भाषेची खूण सर्वांत जास्त लागते. विंडोज १० च्या मे २०१९ च्या आवृत्तीपासून मराठीसाठी इन्स्क्रिप्टबरोबरच ध्वन्यानुसारी म्हणजे फोनेटिक कीबोर्डही विंडोजमध्येच मिळतो. विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून भाषा बदलते हे बहुतेकांना ठाऊक असते. अडचण वेगळी असते. वर्डमध्ये मराठी लिहिता लिहिता ब्राउझरमध्ये गेलो, तेथे इंग्रजी पत्ता टाकायला भाषा बदलली, परत वर्डमध्ये आलो आणि टंकायला लागलो की इंग्रजी अक्षरे उमटतात. मग ती पुसा, भाषा बदला, पुन्हा टंका. यावरचा उपाय विंडोजमध्येच आहे, पण तो बराच आत आहे. ‘टाइम अँड लँग्वेज’, त्यात ‘टायपिंग’, त्यात ‘ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज’ या पानावर प्रत्येक ॲपच्या विंडोसाठी वेगळी टंकनपद्धत वापरू देण्याचा एक चौकोन आहे. त्यावर खूण केली की वर्डची विंडो मराठी लक्षात ठेवते आणि ब्राउझरची विंडो इंग्रजी. विंडो बदलली की टास्कबारवरची खूणही आपोआप बदलते, त्यामुळे टंकण्यापूर्वी तिकडे नजर टाकली की पुरते. मराठी कीबोर्ड बसवताना विंडोजने हा पर्याय स्वतःहून विचारायला हवा, असे मला मनापासून वाटते. दोन लिप्यांत काम करणाऱ्या लाखो माणसांचा रोजचा त्रास एका खुणेने कमी होतो आणि ती खूण शोधायला तीन पाने उतरावी लागतात, ही रचना बरोबर नाही.

कामानुसार विंडो एकत्र ठेवण्याच्या दिशेने विंडोज ११ ने टाकलेले एक चांगले पाऊल म्हणजे स्नॅप ग्रूप. विंडोजची कळ आणि झेड दाबले की पडद्याच्या कोपऱ्यात मांडणीचे नमुने येतात: अर्धा-अर्धा, एक मोठी व एक अरुंद, चार चौकोन, रुंद पडद्यावर तीन उभे भागही. वर्ड डावीकडे आणि पीडीएफ उजवीकडे अशी मांडणी केली की विंडोज त्या जोडीला एक गट मानते. मध्येच ईमेल उघडले आणि दोन्ही विंडो झाकल्या गेल्या तरी वर्डच्या बटणावर माउस नेल्यावर त्या विंडोच्या छोट्या चित्राबरोबर संपूर्ण गटाचेही चित्र दिसते, आणि त्यावर क्लिक केले की दोन्ही विंडो आपापल्या जागी परत येतात. आल्ट आणि टॅबच्या यादीतही तो गट दिसतो. वेगवेगळ्या प्रोग्रॅमच्या दोन विंडो मिळून एक काम आहेत हे टास्कबारला कळते ते एवढ्या एकाच ठिकाणी, आणि म्हणूनच त्याची मर्यादा खटकते. यांतली एक विंडो बंद केली की गट मोडतो. संगणक बंद करून दुसऱ्या दिवशी सुरू केला की गट नसतो. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉइज या मोफत संचात २०२४ साली वर्कस्पेसेस नावाची सोय आली. ती ठरावीक प्रोग्रॅम ठरावीक जागी एका क्लिकने उघडून देते आणि तिचा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवता येतो. पण ती वेगळी उतरवून घ्यावी लागते. ही गोष्ट मूळ टास्कबारमध्येच असायला हवी होती.

आभासी डेस्कटॉपची, म्हणजे एकाच संगणकावर कामाचे अनेक वेगळे पडदे ठेवण्याची, सोय विंडोज १० पासूनच आहे. विंडोजची कळ, कंट्रोल आणि डी दाबून नवा डेस्कटॉप तयार होतो आणि विंडोजची कळ, कंट्रोल व बाणाच्या कळांनी त्यांत फिरता येते. त्यांना नावे देता येतात आणि विंडोज ११ मध्ये प्रत्येकाला वेगळे पार्श्वचित्रही. एका पुस्तकाला एक डेस्कटॉप अशी वाटणी केली की प्रत्येक ठिकाणी पट्टीवर फक्त त्याच कामाच्या विंडो दिसतात. तसे दिसत नसेल तर ‘मल्टिटास्किंग’च्या पानावर, ‘डेस्कटॉप्स’ या भागात पट्टीवर फक्त चालू डेस्कटॉपच्या विंडो दाखवण्याचा पर्याय निवडावा. लेखकाशी बोलण्याची विंडो सगळीकडेच हवी असेल तर विंडोजची कळ आणि टॅब दाबून येणाऱ्या दृश्यात तिच्यावर उजवा क्लिक करून ती सर्व डेस्कटॉपांवर ठेवता येते.

अडचणीच्या वेळी कामास येणाऱ्या दोन गोष्टी. गोठलेला प्रोग्रॅम बंद करण्यासाठी आता टास्क मॅनेजरपर्यंत जाण्याची गरज उरलेली नाही. ‘सिस्टिम’मधल्या ‘फॉर डेव्हलपर्स’ या पानावर (नव्या आवृत्तीत त्याचे नाव ‘ॲडव्हान्स्ड’ आहे) ‘एन्ड टास्क’ चालू केले की पट्टीवरच्या बटणाच्या उजव्या क्लिकमध्ये तो पर्याय दिसू लागतो. तो प्रोग्रॅमला काही न विचारता बंद करतो, त्यामुळे जतन न केलेला मजकूर जातो. हाताशी इतक्या सहज आल्यावर ही काळजी जास्त घ्यायला हवी. दुसरी गोष्ट, प्रोजेक्टर किंवा जोडलेला पडदा काढल्यावर एखादी विंडो पट्टीवर दिसते पण डेस्कटॉपवर कोठेच सापडत नाही. अशा वेळी पट्टीवरून ती निवडावी, आल्ट आणि स्पेसबार दाबावे, मग एम, मग कोणतीही एक बाणाची कळ, आणि माउस हलवावा. हरवलेली विंडो माउसला चिकटून येते.

आता उणिवा. माझ्या संगणकावरच्या आवृत्तीत पट्टी अजूनही खालीच राहते, आणि ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे. आजचे पडदे रुंद आणि बुटके असतात. देवनागरीला शिरोरेघेवर मात्रा, रफार आणि अनुस्वार यांना व खाली उकारांना जागा लागते, ओळींमधले अंतर वाढते आणि पानावर ओळी कमी मावतात. अशा वेळी उभ्या जागेतला प्रत्येक भाग मोलाचा असताना पट्टी बाजूला नेता येऊ नये, हे पटत नाही. विंडोज ९५ मध्येसुद्धा ती चारही कडांना लावता येत होती. ॲपलच्या मॅकवरची डॉक ही पट्टी डावी-उजवीकडे नेता येते, लिनक्सवरच्या केडीई प्लाझ्मात पट्टी कोणत्याही कडेला लावता येते. स्वयंचलित लपण्याचा पर्याय विंडोज ११ मध्ये आहे, पण तो घेतला की नावे नजरेसमोर राहत नाहीत आणि पट्टीचा मूळ उपयोगच जातो.

दुसरी उणीव त्याहून कमी दिसणारी आहे. नावे दाखवायला सांगितल्यावरही एकाच प्रोग्रॅमच्या विंडो पट्टीवर एकमेकींना चिकटूनच राहतात. तिसऱ्या प्रकरणाच्या वर्ड फाइलशेजारी त्याच प्रकरणाची पीडीएफ आणून ठेवीन म्हटले तर ते जमत नाही. विंडहॉकसारख्या बाहेरच्या साधनांनी हे करता येते. स्टार्टऑलबॅक किंवा एक्सप्लोररपॅचर वापरून पट्टीचे जुने रूपही बऱ्याच अंशी परत आणता येते. ही साधने विंडोजच्या आतल्या रचनेवर विसंबून असतात आणि एखाद्या अद्ययावतीकरणानंतर बिघडू शकतात. घरच्या संगणकावर हौसेने वापरायला हरकत नाही. जेथे दुसऱ्याचे काम वेळेत द्यायचे असते त्या संगणकावर मी ती बसवत नाही.

या उणिवा मान्य करूनही, नावे दाखवण्याचा पर्याय, डावीकडची मांडणी, आकड्यांच्या कळा आणि विंडोगणिक भाषा या चार गोष्टी लावून घेतल्या तर विंडोज ११ चा टास्कबार विंडोज १० च्या टास्कबारइतका उपयोगी होतो, आणि स्नॅप ग्रूपमुळे दोन विंडोंत चालणाऱ्या कामासाठी त्याच्याहून थोडा सरस. माझ्यासारख्या लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांपैकी जे अजून विंडोज १० वर थांबून राहिले आहेत त्यांनी टास्कबारच्या भीतीने आणखी थांबू नये. पट्टी उभी लावून काम करण्याची ज्यांना पक्की सवय आहे त्यांनी मात्र आपल्याला मिळणाऱ्या आवृत्तीत ती सोय आहे का, हे आधी एखाद्या ओळखीच्याच्या संगणकावर पाहून घ्यावे.